सुम्या, तू बबनकाकांकडे यायला हवं होतंस

सुम्या,

तुझ्या गॅलरीच्या मॅडमचा फोन आला होता. तुझ्या चित्रांचं पुस्तक काढतायत, आणि त्यात तुझ्या जवळच्या कुणीतरी दोन पानं लिहावीत अशी त्यांची इच्छा आहे. "मनापासून लिहा संतोषजी, अगदी रॉ," म्हणाल्या. या बाईंना सगळं रॉच लागतं, हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगत होतो. तर घ्या, रॉ लिहितोय. छापतील असं वाटत नाही, पण मला कुठे त्यांच्याशी बोलायचंय? मला तुझ्याशी बोलायचंय, आणि तू फोन उचलत नाहीस. आधीही उचलत नव्हतास म्हणा.

राग कशाचा येतो सांगू? तू झोपेत गेलास याचा. चाकण रोडवर एखाद्या कंटेनरने उडवलं असतं, तर त्या ड्रायव्हरला शिव्या घालता आल्या असत्या, खड्ड्यांना घालता आल्या असत्या. तू मात्र मोशीच्या नव्या फ्लॅटमध्ये, फुल स्पीडला पंखा लावून, कुणाला काही न सांगता निघून गेलास. आईने चहाला हाक मारली, तर उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. पस्तिशीतला धडधाकट माणूस, शिडीवर माकडासारखा चढणारा, आणि म्हणे हृदय. लोक मला समजावतात की सुखाचं मरण आलं बिचाऱ्याला. त्याला आलं असेल. आम्ही इथे दात-ओठ खात बसलोय त्याचं काय?

आणि बबनकाकांचं काम तसंच अर्धवट टाकून गेलास. ते मी जरा पुढे लिहितो, कारण त्यावर आलो की मला दुसरं काही सुचत नाही.

आधी तुझ्या भिंतींचं सांगतो. पुस्तकात त्यांच्याबद्दल जे छापणार आहेत ते मॅडमनी मला फोनवर वाचून दाखवलं. 'रात्रीच्या अंधारात, पोलिसांची नजर चुकवत, हा तरुण शहराच्या भिंतींशी बोलत असे.' मला हसू आवरेना. बाईंना वाटलं, मला हुंदका आला. थोडा वेळ थांबल्या बिचाऱ्या.

अरे, आपण एक तरी भिंत रात्री रंगवली का? तुला अंधारात रंग कळत नाहीत, आणि मला लवकर झोप येते. आपण काम करायचो भर दुपारी, पहिली शिफ्ट सुटून दुसरी भरायच्या वेळेला, जेव्हा रस्त्यावर माणसं मावत नाहीत. अंगात कंपनीचं नारिंगी जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, दोन्ही बाजूंना लाल-पांढरी पट्टी बांधलेली. आपल्या या पट्ट्यात नारिंगी जॅकेटवाल्या माणसाला कोण विचारतंय? तो खड्डा खणो नाहीतर भिंत रंगवो, काम चालू आहे एवढंच लोकांना कळतं आणि ते वळसा घालून जातात. ही अक्कल तुझी. पांढरं हेल्मेटही तूच घालायचास, कारण पांढरं म्हणजे साहेब, आणि माझ्या डोक्यावर कायम पिवळं. यावरून आपण किती भांडलो! थेरगावला डांगे चौकाजवळ रंगवत होतो तेव्हा ट्रॅफिक हवालदार आला. माझी तर फाटली. त्याने गाड्या दुसऱ्या बाजूने काढून दिल्या आणि तुला विचारलं, "साहेब, कधी संपणार तुमचं काम?" तू शिडीवरून खाली न बघता म्हणालास, "टेंडरवर आहे, भाऊ." तो मान हलवून गेला. सगळ्या शहराला पटणारं उत्तर होतं ते.

हे छापा म्हणावं मॅडमना. पण ते रॉ नाही ना. ते नुसतं खरं आहे.

मला तुझी चाकण एमआयडीसीतली रांग सगळ्यात आवडायची. जिथे कंपन्यांच्या बसेस थांबतात आणि शेड नाही, त्या लांबलचक कंपाउंडच्या भिंतीवर तू माणसं काढली होतीस, खऱ्या उंचीची. डबा धरलेली, गळ्यात आयकार्ड अडकवलेली, उभ्या उभ्या पेंगणारी, एक बाई तोंडाला स्कार्फ बांधता बांधता थांबलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण बघायला गेलो, तर ठेकेदाराकडे नवीन लागलेली पोरं त्या चित्रातल्या रांगेच्या मागे उभी राहिली होती. शिस्तीत, एकामागे एक. बस आली तेव्हा पुढचा हलेना म्हणून मागचा ओरडला. तू इतका हसलास की रस्त्यावर खाली बसलास. असा हसलेला तू नंतर मला दिसला नाहीस. निदान माझ्यासमोर तरी नाही.

त्या रांगेत बबनकाका होते. टोपी, काखेत पिशवी, मान जराशी वाकडी, हुबेहूब. न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो: बबनकाका म्हणजे आमच्या गाड्यांच्या कंपनीतल्या पेंट शॉपचे फायनलवाले, रंगाची शेवटची तपासणी करणारे. गाडीचं बॉनेट रंगवून, भट्टीतून भाजून निघालं की ते ट्यूबलाइटच्या उजेडात काकांपुढे येणार. काका त्यावरून तळवा फिरवणार, आणि जिथे कण बसलाय किंवा रंगाचा ओघळ आलाय तिथे हात आपोआप थांबणार. ओघळाला आमच्याकडे रन म्हणतात. मग खिशातून वॉटर पेपरचा, म्हणजे बारीक पॉलिश पेपरचा, तुकडा काढायचा, पाण्यात बुडवायचा, हलक्या हाताने घासायचं, पॉलिशचं कंपाउंड लावून कापडाने पुसायचं. रन गेला, बॉनेट आरशासारखं. लातूरकडून आलेला माणूस, जन्म यातच गेला. सुम्या रंग फवारायच्या गनवर, मी वरच्या चकचकीत थराच्या गनवर, आणि शेवटी काका, असं आमचं चालायचं.

आणि तुला गन धरायला कुणी शिकवलं? आयटीआयमध्ये आपण दोघं जे काही शिकलो ते शून्य होतं. काकांनी तुझ्या मागे उभं राहून तुझा दंड धरला होता. "मनगट नको हालवू लेका, खांदा हालव. मनगट हालवलं की कडंला रंग उपाशी ऱ्हातो." तुझी ती लांब, एका श्वासात मारलेली रेघ, जिच्यावर मॅडमनी पुस्तकात अख्खं पान खर्च केलंय, ती या वाक्यातून आली. पुस्तकात ते वाक्य नाही.

काकांना त्यांचं चित्र दाखवायला मीच घेऊन गेलो. त्यांनी भिंतीवर तळवा फिरवला. "प्रायमर न्हाई मारला व्हय रं? पापुद्रे निघतील की." एवढंच बोलले. पण रविवारी काकूंना घेऊन, दोन बस बदलून, चाकणला पुन्हा आले आणि चित्राशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. काकूंनी पदर डोक्यावरून घेतला होता.

मग त्या भिंतीवर वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. कुणा दादांचा, भाऊंचा, काय फरक पडतो, आपल्याकडे रोजच कुणीतरी जन्माला आलेलं असतं. खिळे ठोकून लावला. तुझ्या रांगेतल्या माणसांचे फक्त पाय दिसत होते, आणि वर हात जोडून हसणारे चेहरे. आपण समोर टपरीवर चहा घेत होतो. तू चिडशील असं मला वाटलं होतं, पण तू एकदम शांतपणे म्हणालास, "संत्या, मला एक तरी चित्र असं हवंय की त्याच्यावर कुणी काही लावणार नाही."

मी म्हणालो, "मग ते कुणाच्या तरी हॉलमध्ये लागेल. बघणार कोण? तो मालक आणि त्याचा कुत्रा."

"कुत्रा तर कुत्रा. उरेल तरी."

"रांगेतली पोरं बघायची तुझं चित्र."

"बघायची नाहीत राव. मागे उभी राहायची. फरक आहे."

तिथून सुरू झालं आपलं भांडण आणि ते कधी संपलंच नाही. तुझं अगदीच चुकत होतं असं मी आता म्हणणार नाही. पुसलं जाण्याचा कंटाळा येतो माणसाला. तुझ्या वडिलांची पिंपरीतली कंपनी बंद पडली, तिची चिमणीही पाडली, तिथे आता टॉवर आहेत. तू एकदा म्हणाला होतास की बाबांनी आयुष्यभर काय केलं हे दाखवायला बोट कुठे करायचं तेच कळत नाही. हे मला तेव्हाही समजलं होतं. पण तुझ्यापुढे कबूल करायची माझी तयारी नव्हती, आणि आज करून उपयोग नाही.

मग तू रिजेक्ट झालेली बॉनेटं भंगारवाल्याकडून आणून त्यावर चेहरे काढायला लागलास. कुणीतरी फोटो टाकले, कुणीतरी बघितले, आणि पुण्याहून मॅडम आल्या. बाई वाईट नाहीत, हे मी लिहून ठेवतो. तुझ्या आईच्या हातची भाकरी मांडी घालून खाल्ली त्यांनी. पण त्यांनी छापलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'झोपडपट्टीच्या अंधारातून उमललेला कलाकार'. तुझ्या आईने तो कागद मला मोठ्याने वाचायला लावला. ऐकून झाल्यावर आईने आधी फ्रीजकडे बघितलं, मग वॉशिंग मशीनकडे. "हे कुणाबद्दल हाय?" म्हणाली. तू चपला घालून बाहेर पडलास. मी तुला जिन्यात गाठलं आणि म्हटलं, अरे, तुझ्या बापाने ओव्हरटाइम करून पक्कं घर बांधलं, ते असं एका ओळीत पाडलंस? तू म्हणालास, "जाऊ दे ना भावा, त्यांना स्टोरी लागते." जाऊ दे, जाऊ दे. तुझ्या गॅलरीचं प्रवेश तिकीटच होतं ते, जाऊ दे.

आता तो दिवस.

तुझ्या पहिल्या प्रदर्शनाला आम्ही पहिली शिफ्ट करून थेट आलो होतो. पेंट शॉपमधले सगळे. काकांनी इस्त्रीचा शर्ट कंपनीत पिशवीतून आणला होता आणि बाथरूममध्ये बदलला. सोबत शाल आणि नारळ, कारण आपल्या माणसाचं कौतुक करायचं म्हणजे शाल-श्रीफळ नको? मी म्हटलं होतं, काका, तिथे असलं नसतं काही. ते म्हणाले, "नसतं म्हणून तर न्यायचं." आत एसी, पांढऱ्या भिंती, हळू आवाजात बोलणारी माणसं, आणि मध्ये तू, काळ्या कुर्त्यात. तू आम्हाला बघून हात केलास. लांबून.

काका एकेक बॉनेट बघत चालले होते, हात मागे बांधून, साहेब राउंडला निघतात तसे. डबा धरलेल्या हाताच्या चित्रापाशी थांबले. त्या हाताच्या बोटांखालून तू रंगाचे ओघळ सोडले होतेस, खालपर्यंत. मुद्दाम. मला ते माहीत होतं, कारण तू ते कसे सोडतोस हे मी पाहिलं होतं, रंगात थिनर जास्त घालून. काकांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी आयुष्यभर एवढंच केलं होतं, की आपल्या पोराच्या हातून रन सुटला तर साहेबाने बघायच्या आत काढून टाकायचा. त्यांनी शालीची पिशवी माझ्या हातात दिली आणि खिशात हात घातला. मला वाटलं, नाक पुसायला रुमाल काढतायत. वॉटर पेपर पाण्याच्या बाटलीत बुडवून त्यांनी मधला मोठा ओघळ घासायला घेतलासुद्धा. मी पिशवी सावरेपर्यंत निम्मा गेला होता. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "घाईत ऱ्हायला आसंल पोराच्यानं. लोकं बघायच्या आत काढून टाकू."

अरे, त्या माणसाने तुझी अब्रू वाचवायला हात घातला होता.

मॅडम किंचाळल्या. सगळा हॉल वळून बघायला लागला. तू धावत आलास. काका हातात तो ओला तुकडा धरून उभे, चेहऱ्यावर अजून थोडं हसू, की आता हा येईल आणि सांगेल. आणि तू मॅडमकडे वळून म्हणालास, "सॉरी मॅम. फॅक्टरीतले लोक आहेत. त्यांना कळत नाही."

त्यांना कळत नाही.

तू काय बोललास हे तुला बोलता बोलताच समजलं होतं, सुम्या. मी तुझा चेहरा पाहिला. पण समजून तू काय केलंस? मॅडमच्या मागे गेलास, नुकसान किती झालंय ते बघायला.

शाल तशीच परत आली. मी गाडी चालवत होतो, काका मागे. नाशिक फाट्याच्या पुलावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हवेत ओरडून विचारलं, "संतोष, रन होता का नव्हता? तू सांग."

"होता काका."

"मंग?"

मग काय, हे मी त्यांना अजून सांगू शकलेलो नाही.

पुढे कंपनीत लाइनवर काय झालं ते मी तुला सांगितलं होतं, पण तू ते कितपत ऐकलंस कुणास ठाऊक. गोष्ट पसरली. पोरं ती पोरंच. एखाद्या बॉनेटवर रन आला की कुणीतरी ओरडायचं, "काका, राहू द्या, आर्ट आहे!" काका पण हसायचे. पण नंतर त्यांचा तळवा बॉनेटवर थांबायचा आणि मग ते इकडेतिकडे बघायचे. मला हळूच बोलवायचे. "बघ की रं जरा, काढू का हे?" काढू का! ज्या माणसाने जन्मात कुणाला विचारलं नाही, तो मला विचारायला लागला. दोन बॉनेटं तशीच पुढे गेली आणि साहेबाची बोलणी काकांनी ऐकून घेतली. त्यांच्या हाताला शंका लागली होती, सुम्या. असल्या माणसाच्या हाताला एकदा शंका लागली की उरतं काय?

म्हणून मी तुझ्या मागे लागलो होतो. मॅडमवर जळतो म्हणून नाही, तू फेमस झालास म्हणून नाही, जे तू दोनदा मला तोंडावर म्हणालास. मला एवढंच हवं होतं की तू काकांपुढे जाऊन उभा राहावंस आणि दोन शब्द बोलावेस. माफी हा शब्दही नको. "काका, रनच होता तो, पण मी मुद्दाम सोडला होता," एवढं म्हटलं असतंस तरी त्यांचा हात सुटला असता.

"मी काय म्हणायला हवं होतं तिथे?" तू माझ्यावरच खेकसलास. "सगळे बघत होते. एवढ्या वर्षांनी एक दार उघडलेलं."

"मग त्या दारात काकांना उभं करून लाथ घातलीस."

"डायलॉग नको मारू."

हे आपलं मोशीतलं भांडण. तुझी आई आत कुकर लावत होती आणि शिट्ट्यांच्या मध्ये मध्ये आपण ओरडत होतो. बऱ्याच वेळाने तू गॅलरीच्या, म्हणजे तुझ्या फ्लॅटच्या गॅलरीच्या, कठड्याला टेकून, माझ्याकडे न बघता म्हणालास, "तिथे मी पण नवाच होतो संत्या. माझं मलाच काही कळत नव्हतं." मी म्हटलं, हेच त्यांना जाऊन सांग. तू म्हणालास, रविवारी जाऊ.

रविवार. तुझे रविवार मी मोजत बसलो नाही. काकांच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम कॅन्टीनमध्ये झाला, तेव्हा तू मुंबईला होतास, चित्रं टांगायला. साहेबांनी घड्याळ दिलं, भाषण केलं. काका सारखे दाराकडे बघत होते. मला म्हणाले, "त्याला सुट्टी घावली नसंल." तुला सुट्टी! तुझी नोकरी सुटून वर्ष झालं होतं. पण ते तुझी बाजू घेत होते आणि मी वाद घालू शकत नव्हतो. मग ते काकूंना घेऊन गावी गेले, आणि तू म्हणालास, लातूरला काय, एक दिवस गाडी काढू आणि जाऊ. रविवारी.

असं नाही की मला तुझं चांगलं काही आठवत नाही. आठवतं, आणि त्यानेच जास्त त्रास होतो. माझी मुलगी चित्र काढायला बसली की अजून म्हणते, "सुमेधकाकाने सांगितलंय, नाक शेवटी काढायचं. आधी माणूस कुठे बघतोय ते ठरवायचं." तिच्या वहीतली सगळी माणसं बिननाकाची असतात, पण कुठेतरी बघत असतात. माझ्या वडिलांना ऐकू येईनासं झालं तेव्हा त्यांच्याशी गप्पा मारायला तू कागदावर चित्रं काढून दाखवायचास, तासन्‌तास, आणि ते पोट धरून हसायचे. एवढा वेळ तू एका म्हाताऱ्याला देऊ शकत होतास. मग दुसऱ्याला का नाही? मला खरंच समजत नाही. लाज वाटत होती का? मग तसं बोलायचंस. लाज वाटणारा माणूस मला परवडला असता. रविवार सांगणारा परवडला नाही.

कासारवाडीच्या बुद्धविहारात तुझा जलदान विधी झाला. भन्तेजी आले होते, त्रिशरण-पंचशील झालं, तुझा फोटो मध्ये, काळ्या कुर्त्यातला. दुसरा मिळाला नाही का यांना? तुझी आई एकही अश्रू न ढाळता सगळ्यांना "जेवून जा" म्हणत होती. मॅडम सतरंजीवर मागे बसल्या होत्या आणि खरं रडत होत्या, नाक लाल होईपर्यंत. त्याचाही मला राग आला. पेंट शॉपची पोरं आली होती, फ्लेक्स लावणाऱ्या दादांकडून एक हार आला होता. आणि सगळं संपत आल्यावर माझं लक्ष दाराकडे गेलं, तर चपलांपाशी बबनकाका उभे. एसटीने आले होते. टोपी हातात, कपडे चुरगाळलेले, आत यावं की नाही हे ठरत नसल्यासारखे. मी हाताला धरून आत नेलं. त्यांनी तुझ्या फोटोला फूल वाहिलं, आणि काचेवर कसलासा डाग होता तो बोटाने पुसायला गेले. गेले आणि थांबले. हात मागे घेतला.

त्या क्षणी तू समोर असतास ना, तर कानाखाली वाजवली असती मी तुझ्या.

नंतर आम्ही दोघं कासारवाडी स्टेशनबाहेर चहाला बसलो. त्यांना परतीची गाडी पकडायची होती. गावचं बोलले, पाण्याचं बोलले, काकूंच्या गुडघ्यांचं बोलले. चहा संपत आला तरी उठेनात. शेवटी कपाकडे बघत म्हणाले, "संतोष, एक इचारू? काही म्हणला का रं कधी माझ्याबद्दल?"

आता सांग, मी काय करायचं होतं? तू तुझं तोंड बंद करून गेलास आणि हे सांगायचं काम माझ्या गळ्यात टाकून गेलास.

मी म्हणालो, "म्हणाला होता की काका. सारखा म्हणायचा."

"काय?"

"म्हणायचा, काकांना एकदा जाऊन सांगायचंय, की त्या दिवशी कळत तुम्हाला नव्हतं असं नाही. मला कळत नव्हतं. रनच होता तो. तुमचा हात बरोबर होता. तुम्ही माझं झाकायला आलात आणि मी तुम्हाला उघडं पाडलं, एवढं त्यांना सांगायचंय, म्हणायचा." कुठून सुचत होतं कुणास ठाऊक, पण मी थांबलो नाही. "गाडी काढून येणार होता लातूरला. ठरलं होतं आमचं."

काका ऐकत होते. एक लोकल आली, माणसं उतरली, पांगली. टपरीवाल्याने आमचे कप उचलून नेले. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवून सारखी केली.

"सुमेध असं म्हणला?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "त्यो न्हाई असं म्हणायचा. माघार घेणारं पोरगंच नव्हतं ते. तू बनवून सांगायलास लेका."

मी खाली बघितलं. मला वाटलं, आता हे उठतील आणि जातील, आणि जे काही थोडं उरलं होतं तेही मी घालवलं.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पुन्यांदा सांग बरं," म्हणाले. "जरा हळू सांग."

मी पुन्हा सांगितलं, सुम्या. हळू सांगितलं, पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, आणि ते डोळे मिटून ऐकत बसले. दोन मिनिटांचं काम होतं रे.